"जाऊ… नका": पंचवटीतल्या भक्तनिवासात वॉकीटॉकी स्पीकर लाइनला जोडली त्याची पूर्ण गोष्ट

पंचवटीत रामकुंडापासून चालत पाच-सात मिनिटांवर एक भक्तनिवास आहे, पाच मजले, खाली बेसमेंटमध्ये पार्किंग, मागच्या भिंतीपलीकडे उतार आणि मग नदीकडे जाणारी गल्ली. नाव देत नाही, गरज नाही. मी नाशिकमध्ये साउंड आणि सीसीटीव्हीची कामं करतो आणि हे काम माझ्याकडे आलं ते मागच्या पावसाळ्यातल्या एका रात्रीमुळे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (पूर किती चढला ते याच मूर्तीवरून बघतात) कमरेच्या वर पाणी गेलंय असं ओरडत पोरं गल्लीतून गेली, आणि रात्रपाळीच्या वॉचमनमामांनी जिने चढून एकेका खोलीचं दार वाजवलं की खाली गाड्या आहेत त्या काढा. मामांचं वय अठ्ठावन्न. लिफ्ट त्यांनी आधीच बंद केलेली, कारण पाणी आलं की सगळ्यात पहिलं लिफ्टच्या खड्ड्यात उतरतं हे त्यांना पक्कं माहीत. पण ते चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पहिल्या मजल्यावरची माणसं बायकापोरांसकट बेसमेंटकडे निघालेली, आणि त्यांना थांबवायला खाली कोणी नाही. पाणी त्या रात्री रॅम्पच्या तोंडाशी येऊन थांबलं म्हणून निभावलं.

आता यातली मनाला लागणारी गोष्ट अशी की त्या बिल्डिंगच्या प्रत्येक पॅसेजमध्ये स्पीकर आहेत. प्रत्येक मजल्यावर तीन, बेसमेंटमध्ये एक हॉर्न, सकाळी काकडआरती आणि भजन लागतं त्यावर. पण ॲम्प्लिफायर ऑफिसात, ऑफिसला रात्री दहाला कुलूप, आणि किल्ली मॅनेजरकाकांच्या घरी मखमलाबाद नाक्याला.

मॅनेजरकाका मला म्हणाले, "मामांच्या हातात वॉकी आहेच, ते वॉकीवर बोलले की सगळ्या मजल्यांवर ऐकू आलं पाहिजे, एवढंच करून दे." मी आधी त्यांना विचारलं की गेटवर एक माइकच का नको, चांगली बॅलन्स्ड केबल टाकली तर साठ-सत्तर मीटर काही अवघड नाही, स्वस्तात होईल. मामाच म्हणाले, "भाऊ, पाणी गेटवरनं दिसत नाही, मागच्या भिंतीवर चढून बघावं लागतं, आणि बोलायचं तर तिथनंच बोलायला पाहिजे." हे मला पटलं. माइक एका जागेला बांधलेला असतो, पाणी बघणारा माणूस फिरता असतो. म्हणून वॉकीच.

मी जायच्या आधी एक प्रयत्न होऊन गेला होता, त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो कारण नव्वद टक्के लोक पहिल्यांदा हेच करतात. ओळखीतल्या एका पोराने वॉकीचा दोन पिनांचा इअरफोन आणला, वायर कापली, आतून तीन-चार बारीक तारा निघाल्या, त्यातल्या उघड्या दिसल्या त्या सगळ्या पिळून ग्राउंड केल्या, राहिलेली ॲम्पच्या माइक इनपुटला घातली. चालू केल्याबरोबर स्पीकरमधून घर्रर्र असा आवाज, वॉकी गरम व्हायला लागली आणि मामांच्या हातातल्या सेटवर बोलायलाच येईना. त्याला वाटलं सेट खराब आहे. सेट चांगला होता. या दोन पिनवाल्या सेटमध्ये मोठ्या पिनेची आणि छोट्या पिनेची स्लीव्ह, म्हणजे पिनेचा मुळाशी असलेला भाग, एकमेकींना जोडल्या की सेटला पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यासारखं वाटतं. म्हणजे ऑफिसातला सेट ऐकायचं सोडून सतत ट्रान्समिट करत बसलेला, तोही ॲम्पपासून वीतभर अंतरावर, त्यामुळे ती लहर माइक इनपुटमध्ये शिरून घर्रर्र होत होतं. यासाठी मी कायम सांगतो की दोन पिनांच्या तारा मीटरने एकेक करून ओळखल्याशिवाय कशालाच ग्राउंड म्हणायचं नाही. आणि अजून एक, काही सेटमध्ये स्पीकरची कुठलीच बाजू ग्राउंडला नसते, दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यातली एक ॲम्पच्या बॉडीला टेकवली की सेटची ऑडिओ आयसी जाते.

त्या पोराने तारा सोडवल्या, मग आवाज यायला लागला. पण फाटका, चिरका, आणि मागे सतत घूं. आणि चौथ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला सगळ्या पाच मजल्यांवर एक अनोळखी माणूस मोठ्याने बोलला, "अरे बादली खाली घे, खाली घे." जवळपास कुठेतरी बांधकामाची साइट, त्यांच्याकडे तसेच सेट, दुकानातून येतात तसेच, फॅक्टरीत भरलेल्या चॅनेलवर. झोपेतली वयस्कर माणसं घाबरून बाहेर आली. मॅनेजरकाकांनी वायर उपटून टाकली ती माझ्या येण्यापर्यंत तशीच लोंबत होती.

इथपर्यंतचं ऐकल्यावर मला कळलं की वायर जोडणं हे या कामातलं सोपं प्रकरण आहे. खरं काम हे की ही लाइन एरवी पूर्ण गप्प राहिली पाहिजे, फक्त आपल्या माणसाच्या आवाजाला उघडली पाहिजे, आणि उघडली की वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अख्खं गेलं पाहिजे. शेवटचा मुद्दा मलाही आधी नीट कळला नव्हता, त्याच्यावर पुढे येतो.

आवाज का फाटत होता ते आधी सांगतो, त्याला सरळ हिशोब आहे. हातातल्या वॉकीचा स्पीकर म्हणजे साधारण अर्धा ते एक वॅट. आठ ओहमला एक वॅट म्हणजे जवळपास २.८ व्होल्ट. मी मीटर लावला तेव्हा अर्ध्या व्हॉल्यूमवर मामा बोलत असताना १.१ व्होल्टच्या आसपास येत होतं. आणि माइक इनपुटला लागतात काही मिलिव्होल्ट. म्हणजे जिथे वाटी ठेवलीय तिथे बादली ओतली. माइकचा नॉब अगदी खाली घेऊनही फाटत होतं कारण बऱ्याच ॲम्पमध्ये पहिला स्टेज नॉबच्या आधी असतो, सिग्नल तिथेच चेंगरतो, नंतर तुम्ही कितीही कमी करा, कमी आवाजात फाटका ऐकू येईल एवढंच. म्हणून माइक सोडला आणि ऑक्स, म्हणजे प्लेअरसारख्या गोष्टी जोडायचं इनपुट, घेतलं, या ॲम्पचं ऑक्स शंभरेक मिलिव्होल्टला पूर्ण आवाज देतं. १.१ व्होल्टचं १०० मिलिव्होल्ट करायचं तर अकराने भागायचं, मग सिरीजमध्ये १ किलोओहम आणि आडवा १०० ओहम, बरोबर अकरावा भाग. सेटच्या आउटपुटला आधी २२ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर आडवा टाकला म्हणजे सेटला काहीतरी लोड दिसतो आणि चालू-बंद होताना फट्ट आवाज कमी येतो. हे सगळं मिळून एमजी रोडला दहा-पंधरा रुपयांचं सामान.

घूंचं कारण शोधायला एक सोपी युक्ती आहे. वॉकी चार्जरमधून काढून नुसत्या बॅटरीवर ठेवली, घूं जवळपास गेलं. परत चार्जरवर ठेवली, परत आलं. म्हणजे वॉकीचा चार्जर आणि ॲम्प दोघांच्या वेगवेगळ्या वाटांनी ग्राउंडचा फेरा पूर्ण होतोय आणि त्यातून लाइटचा ५० हर्ट्झ फिरतोय. काही जण इथे ॲम्पची अर्थिंगची पिनच तोडतात. कृपा करून तसं कोणीही करू नका, पावसाळ्यात ओल्या बिल्डिंगमध्ये तर अजिबातच नाही. फेरा ऑडिओच्या तारेतच तोडायचा, त्यासाठी ६०० ओहमला ६०० ओहमचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, जुन्या टेलिफोन मोडेममध्ये असायचा तोच. माझ्याकडे भंगारात दोन मोडेम होते, त्यातला काढला. अकराने भागणारे ते दोन रेझिस्टर, म्हणजे डिव्हायडर, आधी आणि ट्रान्सफॉर्मर नंतर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर कमी सिग्नल पडतो आणि तो चोक होत नाही. घूं गेलं ते गेलंच, आणि स्पीकरची बाजू ग्राउंडला की नाही हा प्रश्नही त्याच्याबरोबर मिटला.

वॉकी ॲम्पच्या रॅकमधून काढून खिडकीशी ठेवली, रॅक लोखंडी, आत सिग्नल अर्धा मरतो. तीन मीटर शील्डवाली केबल, ॲम्पच्या टोकाला रेडिओची लहर अडवायला एक फेराइटची क्लिप. आणि त्या सेटमध्ये ट्रान्समिट प्रोग्रॅमिंगमधूनच बंद केलं, तो फक्त ऐकणार, कोणी चुकून बटण दाबलं तरी काही होणार नाही. व्हॉल्यूमचा नॉब ठरलेल्या जागी आणून त्याच्यावर मॅनेजरकाकांच्या मुलीच्या नेलपेंटचा थेंब टाकला, कारण ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस नॉब फिरवतो.

सेटचं मात्र मी स्पष्ट सांगितलं की हे जुने सेट ठेवायचे नाहीत. आपल्याकडे वॉकीटॉकी कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर वापरता येत नाही, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेचं लायसन्स लागतं, सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी पॉवरच्या सेटना, आणि तेही ईटीए म्हणजे टाइप अप्रूव्हल असलेले पाहिजेत. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी सेटमध्ये भलत्याच फ्रिक्वेन्सी भरलेल्या असतात, यावर २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांसाठी नियमही काढले. आता सिंहस्थ तोंडावर आहे, २०२७ ला पंचवटीत पोलीस, अग्निशमन, आरोग्य सगळ्यांच्या वायरलेस गजबजलेल्या असणार, अशात एखाद्या धर्मशाळेचा सेट त्यांच्या मध्ये बोलला तर त्याचे परिणाम माणसांच्या जिवावर जाऊ शकतात. ट्रस्टला हे समजलं, त्यांनी ४४६ चे सहा सेट घेतले. पॉवर कमी, अँटेना सेटलाच पक्की, पण बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपासून ऑफिसच्या खिडकीपर्यंत पुरतं, मी स्वतः भिंतीवर चढून बघितलं.

आणि टोन लावला, सीटीसीएसएस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोलताना आवाजाच्या खाली एक बारीक, कानाला जवळजवळ न कळणारा सूर जातो, आमच्याकडे ८८.५ हर्ट्झ नाही ठेवला, तो सगळेच ठेवतात, दुसरा निवडला. ऐकणारा सेट तो सूर आला तरच तोंड उघडतो. बादली खाली घे म्हणणारा माणूस त्याच चॅनेलवर आला तरी त्याचा सूर वेगळा, म्हणून लाइन गप्प. एक लक्षात ठेवा, टोन म्हणजे कुलूप नाही. दुसरा कोणी त्याच वेळी जोरात बोलत असेल तर मामांचा आवाज दाबला जाऊ शकतो आणि तोच टोन कोणी लावला तर तो ऐकू येणारच. पण पहाटेची ती भीती मात्र गेली.

मग उरलं ते दार, म्हणजे रेडिओवर आवाज आला की लाइन उघडायची आणि भजन चालू असेल तर ते बंद करायचं. त्या ॲम्पला प्रायोरिटी, म्हणजे बोलणं आलं की बाकीचं आपोआप दाबायची सोय, होती पण फक्त पहिल्या माइकवर, ऑक्सवर नाही. म्हणून एक छोटा बोर्ड बनवला, एलएम३५८ ही आयसी, एक डायोड, एक कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि दोन पोलचा रिले, म्हणजे विजेवर आपोआप पडणारा-उठणारा स्विच. आवाज आला की एका पोलने वॉकी ऑक्सला जोडायची, दुसऱ्याने भजनाच्या पेनड्राइव्ह प्लेअरची तार तोडायची. बोर्ड रेडिओच्या बाजूला, रिलेचे कॉन्टॅक्ट ॲम्पच्या बाजूला, दोघांत तांब्याचा काही संबंध नाही, म्हणजे घूं परत यायला वाट नाही.

पहिल्या दिवशी टेस्ट केली, मामा मागच्या भिंतीशी, मी तिसऱ्या मजल्यावर, मॅनेजरकाका बेसमेंटमध्ये. आवाज एकदम स्वच्छ. मामा म्हणाले, "बेसमेंटमध्ये पाणी येतंय, कोणी बेसमेंटमध्ये जाऊ… नका." तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू आलं ते असं: "मध्ये पाणी येतंय, कोणी बेसमेंटमध्ये जाऊ."

माझ्या अंगावर काटा आला. पहिला शब्द कापला गेला होता आणि शेवटचाही. पहिला कापला तो समजण्यासारखा होता, त्याची तीन कारणं एकावर एक बसली होती. सेटमध्ये बॅटरी सेव्हर चालू होता, म्हणजे सेट झोपतो आणि थोड्या थोड्या वेळाने उठून बघतो कोणी बोलतंय का. मग टोन ओळखायला पाव सेकंदाच्या आसपास. मग माझा रिले. सगळं मिळून पाऊण-एक सेकंद, "बेसमेंट" एवढा शब्द त्यात जातो. पण शेवटचा "नका" का गेला? मामा मूळचे दिंडोरीकडचे, ठासून, थांबून थांबून बोलणारे. "जाऊ" म्हणून ते क्षणभर थांबले, दम लावून "नका" म्हणाले. माझ्या बोर्डाचा होल्ड टाइम, म्हणजे आवाज थांबल्यावर दार उघडं राहायचा वेळ, कमी होता, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा नाही. त्या थांबण्यात रिले पडला, "नका" आल्यावर परत उठायला थोडा वेळ गेला, आणि त्या थोड्या वेळात "नका" हा एवढासा शब्द संपला, वर मामांचं बोटही बटणावरून लवकरच उठलं.

मी पंधरा वर्षं साउंडची कामं करतोय पण हे असं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपल्या मराठीत नकार शेवटी येतो. जाऊ नका, उतरू नका, लिफ्ट वापरू नका, हात लावू नका. वाक्याचं शेपूट कापलं की हुकूम उलटा होतो, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की काही कापलंय, कारण उरलेलं वाक्य पूर्ण वाटतं. इंग्रजीत किंवा हिंदीत नकार आधीच येऊन गेलेला असतो, "मत जाओ" चं शेपूट गेलं तरी "मत" राहतं. या विषयावर मी जेवढी मॅन्युअलं वाचली त्यात पहिला शब्द वाचवा एवढंच लिहिलेलं असतं. आपल्याला शेवटचा जास्त जपावा लागतो.

मग दोन्ही टोकांनी दुरुस्ती केली. बॅटरी सेव्हर सगळ्या सेटमध्ये बंद, ऑफिसातला सेट तसाही एलिमिनेटरवर, म्हणजे प्लगमधल्या अडॅप्टरवर, चालतो. कपॅसिटर ४.७ चा काढून २२ मायक्रोफॅरडचा टाकला, म्हणजे साधारण २.२ सेकंद दार उघडं राहतं, मामा श्वास घ्यायला थांबले तरी पडत नाही. बोलणं संपल्यावर जो फश्श आवाज येतो तो लांब होल्डमुळे आत यायला लागला, त्यासाठी सेटमधलं टेलचं, म्हणजे हा शेवटचा फश्श दाबणारं, सेटिंग सगळ्या सहा सेटवर चालू केलं, एकावर जरी करायचं राहून गेलं तरी त्या सेटवरून बोललं की फश्श येतोच.

आणि मामांशी बसून वाक्यंच बदलली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं, त्याला एक रुपया लागला नाही. आधी बटण दाबून मनात एक म्हणायचं, मग "ऐका, ऐका, सगळ्यांनी ऐका", हे कापलं गेलं तरी नुकसान नाही. मग ज्या वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात नाही असं वाक्य. "बेसमेंटमध्ये जाऊ नका" ऐवजी "बेसमेंट बंद आहे, आपापल्या मजल्यावर थांबा." "लिफ्ट वापरू नका" ऐवजी "लिफ्ट बंद आहे, जिन्याने या." गाड्या काढायच्या असतील तेव्हा "फक्त ड्रायव्हरने खाली यायचं, फक्त ड्रायव्हर." प्रत्येक वाक्य दोनदा. शेवटचा शब्द बोलून झाल्यावर बटण अजून एक सेकंद दाबून ठेवायचं. मॅनेजरकाकांनी हे मोठ्या अक्षरात लिहून गेटच्या केबिनमध्ये लावलं, हिंदीतही लिहिलं कारण दिवसपाळीचे वॉचमन बिहारचे आहेत. मामांनी त्यात स्वतःची एक ओळ घातली, "म्हाताऱ्या माणसांना धरून उतरवा," ती मला फार आवडली.

दुसऱ्या टेस्टला शिट्टी बसली. मामा बेसमेंटमध्ये हॉर्नखाली उभे राहून बोलले, हॉर्नचा आवाज त्यांच्या वॉकीच्या माइकमध्ये, तिथून ऑफिसात, तिथून परत हॉर्नमध्ये, साध्या माइकला फीडबॅक होतो तसाच, फक्त मध्ये वायरच्या जागी रेडिओची लहर. हॉर्नचा टॅप, म्हणजे तो किती वॅट घेणार ते ठरवणारी जोडणी, कमी केला, तोंड रॅम्पकडून वळवून आतल्या भिंतीकडे केलं, आणि हॉर्नच्या आसपास उभं राहून घोषणा करायची नाही असं ठरलं. खांबाला पिवळा पट्टा मारलाय.

स्पीकरचा लोड बघितला तर पंधरा स्पीकर सहा-सहा वॅटचे, नव्वद, वर हॉर्न पंधरा वॅटचा, एकूण १०५, आणि ॲम्प १२० चा. चालतं, पण १०० व्होल्ट लाइनवर, म्हणजे प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असलेल्या अशा लांब लाइनवर, मी ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे ९६. प्रत्येक मजल्यावरचा एक स्पीकर तीन वॅटवर आणला, हॉर्न साडेसातवर आलाच होता, एकूण साडेब्याऐंशी. हा लोड साध्या मल्टिमीटरने मोजता येत नाही, तो फक्त स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो, इम्पिडन्स मीटर लागतो, तो १२० ओहमच्या आसपास दाखवत होता, हिशोबाला बरोबर.

लाइट जाणं हा तर पुराच्या रात्रीचा ठरलेला भाग, पाणी चढलं की महावितरणला फीडर बंद करावाच लागतो. ॲम्पला मागे २४ व्होल्टची डीसी सोय होती, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या. मेन स्विच पाडून बघितला, ॲम्प चालू, पण मामांचा आवाज नाही. मीच विसरलो होतो, माझा रिले बोर्ड आणि वॉकीचा एलिमिनेटर दोन्ही भिंतीतल्या प्लगवर. आता दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह होतो, तो टाळायचा, एक बॅटरी जास्त उतरते आणि चार्जिंगला दुसरी उकळते. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावला, तोही आयसोलेटेड, नाहीतर ट्रान्सफॉर्मर टाकून तोडलेला ग्राउंडचा फेरा बॅटरीच्या वाटेने परत जुळतो. आणि याच वेळी रिलेची जोडणी उलटी केली. आता गप्प असताना रिले ओढलेला असतो आणि आवाज आला की सुटतो. म्हणजे बोर्डाची वीज उद्या गेली तरी रिले सुटलेलाच राहणार आणि वॉकी ॲम्पला जोडलेलीच राहणार, भजन लागणार नाही एवढंच. कॉइलला थोडी वीज जास्त जाते, जाऊ दे.

ॲम्प रात्रभर चालू ठेवण्यावरून ट्रस्टच्या मीटिंगमध्ये थोडं झालं, वीज फुकट जाते म्हणून. मी मोजून दाखवलं, गप्प असताना १८ वॅट, दिवसाला अर्ध्या युनिटच्या आत, महिन्याला तेरा युनिट. मग कोणी काही बोललं नाही. स्विचवर झाकण बसवलं.

रात्रीच्या लाउडस्पीकरचा नियमही त्यांनी विचारला, बरोबर विचारला. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सूट आहे ती बंद जागेतल्या आतल्या आत होणाऱ्या वापराला आणि सार्वजनिक आणीबाणीला. म्हणून गेटबाहेर एक हॉर्न लावायची जी मागणी होती ती मी घेतली नाही, आणि भजनाच्या प्लेअरचा टायमर साडेपाचवरून सहा पाचवर आणला. काकडआरतीवाले आजोबा थोडे नाराज झाले, मग म्हणाले, आम्ही तोंडी म्हणू.

जुलैत एकदा खरंच वापर झाला. रात्री पावणेदोनला विसर्ग वाढला, मामा भिंतीवर, आणि तिथूनच बोलले. ऐका ऐका, बेसमेंट बंद आहे, फक्त ड्रायव्हरने यायचं. मध्येच लाइट गेली, आवाज तुटला नाही. सकाळी मला फोन आला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "भाऊ, या वेळेला जिने चढलो नाही."

रोज दुपारी चारला मामा किंवा दिवसपाळीचे भैया टेस्टचं एक वाक्य बोलतात आणि रिसेप्शनची ताई वहीत ऐकू आलं की नाही ते लिहिते. त्या वहीत गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा लिहिलंय की चौथ्या मजल्यावर शेवटच्या दोन खोल्यांत दार लावलं की शब्द कळत नाहीत, नुसता आवाज कळतो. तो कोपरा पॅसेज वळल्यानंतर आहे आणि तीन वॅटवर आणलेला स्पीकर नेमका तिथलाच. येत्या शनिवारी तो परत सहावर घेतोय आणि वळणावर एक तीन वॅटचा नवीन लावतोय, लोड साडेअठ्ठ्याऐंशीवर जाईल, अजून ९६ च्या आत आहे.